मेमरी परत केली का?

गाडी चालवणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. मागच्या सीटवर ते आपोआप साठतात. आमच्या कंपनीची पोरं मी निगडीहून चाकणला नेतो. माझं शिक्षण बेताचं. पोरं प्रेस मशीनच्या कंट्रोलरचे प्रोग्रॅम सी भाषेत लिहितात. त्यातली अंजली अजून कच्ची. चाकणच्या मशीनची ट्रायल पास झाली तरच नोकरी पक्की.

*

मोशीच्या ट्रॅफिकमध्ये तिने मला समजावलं. "काका, प्रोग्रॅमने कामापुरती मेमरी मागायची, काम झालं की परत करायची. नाही केली तर साठा संपतो, मशीन अडकतं."

"मग परत करा की! त्याला इंजिनिअर कशाला लागतो?"

मागच्या सीटवर पटापट लॅपटॉप उघडले.

*

त्यांच्यातल्या सिद्धार्थने तर एकदा तीच मेमरी दोनदा परत केली. प्रोग्रॅम जागीच कोसळला! साहेब म्हणाले, "भावा, एवढाही प्रामाणिकपणा नको!"

*

मग मी नियम केला. कंपनीच्या गेटवर गाडी थांबवायची आणि विचारायचं, "मेमरी परत करायची ओळ लिहिली?" सगळे हो म्हणेपर्यंत दार लॉक. एकदा साहेबसुद्धा आत बसून राहिले!

*

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा याच पोरांनी आळीपाळीने डबा आणला. हॉस्पिटलमधून घरी सोडताना अंजली गाडी चालवत होती. मी मागे, डोळ्याला पट्टी.

"क्लच नीट दाब!"

"काका, तुम्हाला दिसत नाहीये!"

"ऐकू येतंय!"

उपकार मी विसरत नाही. पण क्लच चुकला तो चुकलाच.

*

ट्रायल संपत आली होती. ऑपरेटर शिंदेभाऊंच्या हाताखाली मशीन एकदाही अडकलं नव्हतं. शेवटच्या दिवशी ते रजेवर. बदली ऑपरेटर चहा पीत नाही, जागचा हलला नाही. दुपारी मशीन अडकलं! अंजली रडवेली झाली. मी शिंदेभाऊंना फोन लावला.

"मी चहाला जाताना बंद करून जातो," ते म्हणाले. "बिचारं सकाळपासून उभं असतं!"

बंद केलं की मेमरी मोकळी. म्हणून चूक दिसलीच नव्हती. अंजलीने तिथेच बसून ती शोधली. परत करायची ओळ होती, पण एखाद्या पार्टचं माप चुकलं की प्रोग्रॅम त्या ओळीआधीच बाहेर पडत होता. तिने दुरुस्ती केली. ट्रायल पुन्हा झाली, पास झाली.

पेढे घेऊन ती शिंदेभाऊंकडे गेली. "भाऊ, तुम्ही रजा घेतलीत म्हणून माझी नोकरी पक्की झाली! आता चहाला जाताना बंद करू नका. हे चालत राहील."

"दिवसभर?"

"तिन्ही शिफ्ट."

शिंदेभाऊंनी पेढा हातातच धरला. मशीनकडे बघितलं.

"चहाची सुट्टीच नाही? मॅडम, आधी याला युनियनमध्ये घ्या!"