विलंबाची कारणे

"बेचा पाढा म्हण," साहेब म्हणाले.

ठाण्याच्या आवारात कडुनिंबाखाली अकरा माणसं उकिडवी बसवलेली. समोर साहेब खुर्चीत. त्यांतल्या एका म्हाताऱ्याला साहेबांपुढे उभं केलं होतं. रंगाने काळा, गळ्यात निळा गमछा, पायात टायरच्या चपला. मराठी असशील तर पाढा येईलच, अशी साहेबांची परीक्षा.

म्हातारा म्हणायला लागला. बे एके बे. बे दुणे चार. हात पाठीमागे बांधून, मान खाली घालून. बे पंचे दहापर्यंत आला आणि अडला.

"संपलं? बांगलादेशात एवढंच शिकवतात का रे?"

आवारात हशा पिकला. मी दहा पावलांवर खिडकीच्या आत बसले होते. अंगात वर्दी, समोर स्टेशन डायरी उघडलेला संगणक. माझे ओठ हलले. बे सक बारा. आवाज निघाला नाही.

तो म्हातारा माझा बाप होता.

ठाण्याचं नाव इथे लिहीत नाही. नांदेड जिल्ह्यातलं आहे, एवढं पुरे. आमचं गाव हदगाव तालुक्यातलं. गावाला आमची वस्ती चिकटलेली, पण गावात मोजलेली नाही. आजोबांनी गावाची मेलेली ढोरं ओढली. मग बाबासाहेबांच्या वाटेने गेले आणि ढोरं ओढणं सोडलं. जमीन तेव्हाही नव्हती, आताही नाही. बाबा अर्धापूरला केळीची कापणी करतात. घड खांद्यावर घेऊन बांधापर्यंत आणायचा, ट्रकात रचायचा. केळीच्या चिकाचे डाग त्यांच्या सगळ्या सदऱ्यांवर आहेत. धुऊन जात नाहीत.

मी पोलीस झाले तेव्हा वस्तीत पेढे वाटले त्यांनी. फोनवर दर वेळी एकच सांगायचे, "माय, एकदा येतो. तुला खुर्चीत बसलेली बघायचंय." चार वर्षं आज-उद्या करत राहिले. कापणी सुटायची नाही. शेवटी त्या दिवशी आले. न सांगता आले. केळीची एक फणी पोत्यात गुंडाळून, एसटीने.

आणि नेमकी त्याच सकाळी मोहीम होती. परदेशातून चोरून आलेले लोक शोधायची. वरून आदेश आला होता, संध्याकाळपर्यंत आकडा पाठवा. आता आकडा आणायचा कुठून? गाडीतून उतरणाऱ्याला कोण अडवणार? ज्याच्या घरात सातबारा आहे त्याला कोण विचारणार, तू कुठला? म्हणून आमचे लोक बस स्टँडवर गेले. गाठोडंवाले, पोतंवाले, अंगाने काळे, चपला तुटक्या, असे वेचले. त्यात नायगावचा एक गाद्या पिंजणारा होता. दोन पाथरवट होते, एक बाई होती. आणि माझे बाबा होते. आधार कार्ड गावी पेटीत ठेवलेलं. हरवेल म्हणून. जन्माचा दाखला त्यांचा निघालाच नाही कधी. ते जन्मले तेव्हा वस्तीत नोंद घ्यायला येत कोण होतं?

साहेब पश्चिम महाराष्ट्राकडचे, मराठवाड्यात येऊन सहा महिने झालेले. बाबा म्हणाले, "सायब, म्या हतलाच हाव, हदगावकडला. लेकीकडं आलतो." साहेब हवालदाराकडे बघून म्हणाले, ही कुठली भाषा. हवालदार इथलाच, उमरीकडचा. घरी तीच भाषा बोलतो. तो नुसता हसला. मग लेक कोण, कुठे राहते, असं साहेबांनी विचारलं.

बाबांनी खिडकीकडे पाहिलं. एकदाच. मला पाहिलं. मी खुर्चीत होते.

"न्हाई सायब," ते म्हणाले, "लेक न्हाई मला. असंच बोल्लो."

त्यांनी मला वाचवलं. आणि मी वाचले. हे लिहिताना आजही माझी मलाच किळस येते, पण खरं ते हे. उठून बाहेर जायला दहा पावलं लागत होती. मी मनात कारणं मोजत बसले. प्रोबेशन नुकतंच संपलंय. साहेब गोपनीय अहवाल लिहितात. आधीच माझ्यामागे 'कोट्यातली' म्हणून कुजबुज चालते, त्यात बाप आवारात उकिडवा. अशी पाच-सहा कारणं. एकही कारण माझ्या बापाएवढं नव्हतं.

दुपारी ड्रायव्हर आत आला. हातात पोतं. त्यातली केळी सगळ्यांना वाटत होता. माझ्यापुढे धरून म्हणाला, "घ्या ताई, बांगलादेशी केळं."

मी घेतलं. सोलून खाल्लं. गोड होतं.

चार वाजता साहेबांनी सगळ्यांना हाकललं. एकही परका निघाला नाही. आणि निघाला असता तर? त्याला पाढा म्हणायला लावून हसायचं, हे कुठल्या कायद्यात आहे? हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. नंतर पडला. साहेब जाताना माझ्या टेबलाशी थांबले आणि म्हणाले, या लोकांची डायरीला नोंद नको, नुसती विचारपूस केली आहे. मी हो म्हटलं. सकाळी नऊपासून चारपर्यंत अकरा माणसं ठाण्यात होती आणि डायरीत एक ओळ नाही. कागदोपत्री त्या दिवशी आमच्या आवारात फक्त कडुनिंब होता.

बाबा तसेच स्टँडवर गेले, खोलीवर आले नाहीत. संध्याकाळी मी फोन केला. मला रडू येत होतं. तेच बोलले.

"तू डुटीवर व्हतीस, माय. तुजा काय कसूर न्हाई." मग थोडं थांबून म्हणाले, "केळं भेटलं का तुला?"

भेटलं, मी म्हणाले.

त्यानंतर ते कधीच म्हणाले नाहीत, की तुला खुर्चीत बघायला येतो.

चार महिने गेले. अधिवेशन लागलं. अधिवेशन लागलं की ठाण्याचे ठोके वाढतात. आमदार सभागृहात गृहमंत्र्यांना प्रश्न विचारणार, मंत्री उत्तर देणार, लोकांना वाटतं मंत्र्याला सगळं ठाऊक असतं. मंत्र्याला काय ठाऊक असतं? प्रश्न मंत्रालयातून जिल्ह्याला येतो, जिल्ह्यातून उपविभागाला, तिथून ठाण्याला. ठाण्यात येतो माझ्यासारखीच्या टेबलावर. मी टाइप करते. मग तो कागद एकेक सही गोळा करत वर चढतो आणि मंत्र्याच्या हातात पडतो. म्हणजे ऐटीत बोलतो मंत्री, पण अक्षरं माझी.

त्या दिवशी आलेल्या कागदावर 'अति तात्काळ' होतं. मी वाचायला लागले.

'(१) परकीय नागरिक शोधमोहिमेच्या नावाखाली स्थानिक मजुरांना पोलीस ठाण्याच्या आवारात बसवून ठेवून त्यांचा अपमान करण्यात आला, हे खरे आहे काय. (२) असल्यास, या प्रकरणी चौकशी केली आहे काय. (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?'

मागाहून कळलं, नायगावच्या त्या गाद्या पिंजणाऱ्याने आमदाराचं दार धरलं होतं. त्याला ना वर्दी, ना पगार, ना खुर्ची. तो बोलला होता.

साहेबांनी उभ्या उभ्या सांगितलं. एकला लिही, हे खरे नाही. दोन आणि तीनला, प्रश्न उद्भवत नाही. खाली लिही, स्टेशन डायरीस अशी कोणतीही नोंद आढळून येत नाही. नोंद नव्हतीच. मीच घेतली नव्हती. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि कुंपण मी होते.

मी टाइप केलं. होय, त्याही दिवशी टाइप केलं. माझं शहाणपण फार उशिरा येतं.

आठ दिवसांनी आमचा प्रश्न पुकारला गेला. ठाण्यातल्या टीव्हीवर सभागृह लावलं होतं. साहेब, हवालदार, ड्रायव्हर, मी, सगळे उभे. मंत्री उठले. चष्मा लावला. पोलीस दल किती सक्षम, गुन्हे कसे घटले, घुसखोरांना कसं शोधून काढतोय, हे आधी सांगितलं. मग कागद वर धरून वाचलं. "हे खरे नाही." माझा पूर्णविराम जिथे होता तिथेच थांबले. "स्टेशन डायरीस अशी कोणतीही नोंद आढळून येत नाही."

आमदाराने उपप्रश्न विचारला. एका म्हाताऱ्याला पाढे म्हणायला लावले की नाही, हो किंवा नाही सांगा. मंत्री हसले. आमचे पोलीस काय शिकवण्या घेतात का, म्हणाले. बाकं वाजली. सभागृह हसलं. मग मंत्री गंभीर झाले.

"सन्माननीय सदस्यांनी असा एक माणूस दाखवावा. एक नोंद दाखवावी. मी चौकशी लावतो. मी जबाबदारीने बोलतोय."

ठाण्यात साहेब टाळ्या वाजवत होते. ड्रायव्हर हसत होता. पहिल्यांदा माझ्या बापाला दहा माणसं हसली होती. आता अख्खं राज्य हसलं. आणि त्यांच्या हातात हसायला कागद दिला होता मी.

मी टेबलावर गेले. साहेब टीव्हीपुढेच होते. बाहेर लख्ख ऊन होतं. स्टेशन डायरी उघडली आणि नवीन नोंद घेतली. आमच्या संगणकावर एकदा नोंद पाठवली की ती कुणाच्या बापाला खोडता येत नाही. त्या दिवशी ती माझ्या बापासाठी होती.

लिहिलं ते असं. त्या दिवशी सकाळी नऊ ते दुपारी चार अकरा इसम आवारात बसवून ठेवले होते. तोंडी आदेशावरून मी नोंद घेतली नाही. त्यांतील एका वृद्ध इसमास बेचा पाढा म्हणण्यास लावले. ते बे पंचे दहा येथे अडले. पुढील मला येत होते. मी बोलले नाही. त्यांची केळी ठाण्यात वाटण्यात आली, त्यातील एक मी खाल्ले. विधानसभेस दिलेले उत्तर खोटे असून ते मी टाइप केले आहे. सदर वृद्ध इसम माझे वडील आहेत.

बटण दाबलं.

साहेब आले तेव्हा मी उठून उभी राहिले, सॅल्यूट केला आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी दोनदा वाचलं.

"खोड हे."

"खोडता येत नाही साहेब."

त्या नोंदीची प्रत मी रजिस्टर पोस्टाने जिल्ह्याला पाठवली आणि आमदाराला पाठवली. एक प्रत त्या गाद्या पिंजणाऱ्याला स्वतः नेऊन दिली. त्याने मला आत बोलावलं नाही. बरोबर केलं.

मग बाबांना फोन केला. बाबा, मी लिहिलं, असं मी म्हणाले. काय लिवलं, त्यांनी विचारलं. तुम्ही माझे बाप आहात ते. फोनमधून केळीच्या बागेतला आवाज येत होता, पानांचा.

"नौकरी जाईल, माय."

"जाऊ द्या."

"मंग मलाबी बलवा म्हनाव. म्या सांगतो, लेक हाय मला."

मला आता मुख्यालयात बसवून ठेवलंय, काम न देता. हवालदार समोर आला की नजर चुकवतो. खात्याची नोटीस आली आहे. तीन प्रश्न आहेत: नोंद घेतली नाही हे खरे आहे काय, खोटे उत्तर टाइप केले हे खरे आहे काय, आणि तिसरा तोच आहे. घटनेनंतर चार महिन्यांनी नोंद घेतली, विलंबाची कारणे सादर करावीत.

उत्तर आज टाइप केलं. कुणी सांगितलं नाही, माझं मीच केलं. (१) हे खरे आहे. (२) हेही खरे आहे. (३) विलंबाचे कारण, मला माझी खुर्ची माझ्या बापापेक्षा मोठी वाटली. आता वाटत नाही.

खाली सही केली. सहीखाली बाबांचं पूर्ण नाव लिहिलं, गाव लिहिलं, वस्ती लिहिली. आणि शेवटी एक ओळ टाकली, जी कुठल्याच नमुन्यात बसत नाही.

चौकशीला माझ्या वडिलांना साक्षीसाठी बोलवावे. त्यांच्यासाठी खुर्ची ठेवावी. ते खाली बसणार नाहीत.