तीन पिढ्यांसाठी एक बेट

रविवारी सकाळी आम्ही पाच जण डोंबिवलीच्या रेतीबंदरावर उभे होतो आणि समोर खाडीत आमचं बेट दिसत होतं. तिवरांचा (खाऱ्या पाण्यातल्या झुडपांचा) एक पुंजका, आणि त्यातून डोकं वर काढलेला गुलाबी बंगला. नव्वद सालानंतर आमच्याकडे बंगल्यांच्या योजनांचं पीकच आलं होतं. माझा नवरा सुधीर ठाण्याला असल्याच योजनांचं एक प्रदर्शन बघायला गेला आणि सोडतीत त्याला बक्षीस लागलं: 'उष्णकटिबंधीय बेटावरच्या आलिशान निवासात एक दिवस, तीन पिढ्यांसह.'

तीन पिढ्या आमच्या घरात होत्याच. अडचण एवढीच, की त्यातली पहिली पिढी आपसांत बोलत नव्हती. अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सासूबाईंचं शिवणयंत्र त्यांना न विचारता विकून टाकलं होतं. तेव्हापासून, दोनेक वर्षं, दोघांचे निरोप माझी सात वर्षांची मुक्ता पोचवायची. बेटावर गेल्यावर तरी बोलतील, अशी सुधीरला आशा होती.

होडीवाल्याला कंपनीने फुलाफुलांचा शर्ट दिला होता. तो आमच्याकडे बघून सारखा हसत होता.

"काय झालं हो?" मी विचारलं.

"काय नाय. आमाला हसाला सांगलंय," (आम्हाला हसायला सांगितलंय) असं म्हणून तो वल्हं मारत पुन्हा हसायला लागला.

"मुक्ता, आजोबांना म्हणावं टोपी घाला, ऊन आहे," सासूबाई म्हणाल्या. अप्पा त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसले होते.

"आजीला सांग, घालतोय."

बेटावर टाय लावलेले आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेले मॅनेजर चिखलात उभे होते. त्यांनी आमच्या गळ्यात प्लॅस्टिकच्या फुलांच्या माळा घातल्या आणि सगळं हिंडवून दाखवलं. नारळाची झाडं डांबराच्या पिंपांत लावली होती. पोहण्याचा तलाव म्हणजे जमिनीवर निळ्या रंगाने रंगवलेला चौकोन होता.

"पाणी?" सुधीरने विचारलं.

"पुढच्या टप्प्यात," मॅनेजर म्हणाले.

बंगल्याच्या दिवाणखान्यात जेवायला बटाटेवडे होते. प्रत्येक वड्यात एक कागदी छत्री खोचलेली. सासूबाईंनी सगळ्या छत्र्या धुऊन पिशवीत ठेवल्या.

जेवण झाल्यावर अप्पा खुर्चीत पेंगायला लागले, सासूबाई पलंगावर पाय वर घेऊन बसल्या. सुधीर आणि मुक्ता गच्चीवर गेले. तेवढ्यात दाराखालून पाणी आत आलं. भरती! बघता बघता चपला तरंगायला लागल्या आणि मी जेवणाच्या टेबलावर चढले.

"खाजगी समुद्रकिनारा," मॅनेजर दारातून म्हणाले. "थेट दिवाणखान्यात! दुसऱ्या कुठल्या योजनेत दाखवा मला."

पाण्याबरोबर एक भलामोठा खेकडा आत आला आणि नांगी उगारून अप्पांच्या पायांकडे निघाला. सासूबाईंनी मुक्ताला हाक मारली, पण ती गच्चीवर होती. पुन्हा मारली. खेकडा खुर्चीपाशी पोचला.

"अहो, पाय वर घ्या!"

अप्पा दचकून जागे झाले. कोण कोणाला बोलतंय, हे बघायला त्यांनी चारी दिशांना मान फिरवली.

"कुठला?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही!"

अप्पा उडी मारून पलंगावर गेले. मग काय! दोन वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर आलं. मी टेबलावर उकिडवी बसून ऐकत होते. उतरून जायला जागाच नव्हती.

"एकदा विचारायचं होतंत मला," शेवटी सासूबाई म्हणाल्या.

अप्पांनी तरंगत आलेली सासूबाईंची चप्पल उचलून पलंगाच्या कडेला ठेवली. "हो," ते म्हणाले. "चुकलंच."

ओहोटी लागल्यावर मॅनेजर आम्हाला होडीपर्यंत सोडायला आले. "मग, बंगला नोंदवायचा ना?" त्यांनी अप्पांना विचारलं.

आमची डोंबिवलीजवळच्या कोपरमधली दीड खोलीची जागा, त्यात बंगल्याच्या भिंती गुडघ्यापर्यंत ओल्या. पण अप्पा गंभीरपणे वळले. "काय गं, घ्यायचा का?"

सासूबाईंनी पदर सारखा केला. "विचार करून सांगते," त्या म्हणाल्या.

त्यानंतर मी थंड हवेची ठिकाणं पाहिली, खरे समुद्र पाहिले. तिथून फोटो आणले, शंख आणले. एवढ्या ओल्या चपलांनी आणि एवढ्या खुशीत मात्र कुठूनच परतले नाही. त्या संध्याकाळी रिक्षात अप्पा आणि सासूबाई न घेतलेल्या बंगल्याच्या पडद्यांच्या रंगावरून तावातावाने भांडत होती. मुक्ता माझ्या मांडीवर गाढ झोपली होती. तिची नोकरी गेली होती.