मयताची दवंडी आणि दाढीचा कर

आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, ग्रामपंचायतीत शिपाई होते. चौलच्या अलीकडे, नारळ-सुपारीच्या वाड्यांमधून जो रस्ता खाडीकडे उतरतो, त्या रस्त्यावरच्या एका गावात. घरपट्टीची बिलं वाटायची, क्लार्कबरोबर वसुलीला हिंडायचं, साहेब आले की चहा सांगायचा, ही त्यांची नोकरी. शिक्षण नववी. पण माझ्या लेखी गावातला सगळ्यात शिकलेला माणूस तोच होता. मी स्वतः आता कित्येक वर्षं शाळेत शिकवते आहे, तरी हे मत बदललेलं नाही.

टपाल घेऊन त्यांना अलिबागला जावं लागे. साहेब जागेवर नसत (ते कधी असतात?), मग आप्पा वाचनालयात जाऊन बसत आणि हाताला येईल ते वाचत. त्यातलं आवडलेलं एका जाड वहीत उतरवून घेत. वहीच्या पुढच्या बाजूने जगातले चमत्कारिक कर, आणि वही उलटी करून मागच्या बाजूने नामांकित माणसांची मरणं. हीच दोन का, असं मी एकदा विचारलं.

"पंचायतीत दोनच रजिस्टरं कायम भरत असतात, पोरी. एक पट्टीचं, एक मयताचं."

"जन्माचं पण असतं की."

"जन्म समदे आता अलिबागच्या दवाखान्यात व्हतात. आपल्याकडं मरायला तेवढी माणसं येतात."

रशियाच्या एका राजाने दाढीवर कर बसवला होता. कर भरला की तांब्याचा बिल्ला मिळायचा, तो जवळ ठेवायचा, नाहीतर दाढी गेली. गोव्यात पोर्तुगिजांनी हिंदूंच्या शेंडीवर कर लावला होता. "म्हंजे तिकडं हनुवटी, इकडं टाळू. सरकारला केस सोडवत न्हाई," असं आप्पा म्हणत. इंग्लंडात घराच्या खिडक्या मोजून कर घेत, तेव्हा लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या आणि अंधारात राहिले. रोममध्ये मूत्रावर कर होता, कारण धोबी आणि चांभार ते कामाला वापरत. तिथे मेलेल्या बादशहाला देव ठरवत, म्हणून हा कर बसवणारा बादशहा मरताना थट्टेने म्हणाला म्हणे, की बहुतेक मी आता देव होतोय. हा एकटा बादशहा वहीत दोन्ही बाजूंनी होता, आणि आप्पांना त्याचं फार कौतुक.

मागच्या बाजूची मरणंही तशीच. एका ग्रीक नाटककाराच्या टकलावर गरुडाने खडक समजून कासव टाकलं. फ्रान्सचा एक राजा चेंडूचा खेळ बघायला निघाला आणि चौकटीवर डोकं आपटून गेला. एक तत्त्वज्ञ गाढवाला अंजीर खाताना पाहून इतका हसला की हसता हसता मेला. हे शेवटचं आप्पा सांगत तेव्हा स्वतःच खोकेपर्यंत हसत, आणि आई म्हणे, "आता तुम्ही जाल तसेच."

या वहीवर आप्पांनी किती घरपट्टी वसूल केली असेल! दारावर शिपाई आला की माणसाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं होतं. आप्पा बिल देतच नसत. आधी अंगणात उभं राहून खिडक्या मोजत. घरधनी विचारी, "काय मोजताव?" की लागलीच इंग्लंड सुरू. गोष्ट संपेपर्यंत चहा येई, आणि चहाच्या मागोमाग पैसे. मुंबईकरांच्या काचेच्या भिंतींच्या बंगल्यासमोर तर त्यांनी एकदा पाच मिनिटं नुसतं बोट फिरवलं होतं. क्लार्क जप्तीची नोटीस खिशात घेऊन फिरे, ती खिशातच मळली.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले, ते सांगते.

पंचायतीच्या छपरावर एके वर्षी नवा भोंगा बसला. पाणी कधी येणार, पट्टी कधी भरायची, सगळं आप्पा त्यावरून सांगू लागले. आवाज चांगला, शब्द स्वच्छ. मोबाईल सगळ्यांकडे होते, पण वाडीत शिंपणं करणारा माणूस फोन झाडाला टांगून ठेवतो. भोंगा मात्र खाडीपर्यंत ऐकू जाई. तेव्हा गावच्या माजी सरपंचांनी मासिक सभेत सुचवलं, की मयताची दवंडीही शिपायानेच द्यावी. वेळच्या वेळी कळेल, लोकांची धावपळ वाचेल. सूचना वाईट नव्हती. वाईट होतं ते त्यांनी वर जोडलेलं वाक्य. आप्पा तिथे चहाचे कप गोळा करत होते.

"आन् तसं ते काम पयल्यापासून तुमच्याच लोकांकडं होतं की."

होतं. हे मला त्या दिवशीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. गावात कुणी वारलं की माझ्या आजाच्या हातात काठी देत आणि सांगावा घेऊन पिटाळत. मयताच्या लेकी जिथे दिलेल्या असतील तिथे, रेवदंड्याला, मुरुडला, पार आगरदांड्याच्या धक्क्यापर्यंत पायी. पोचल्यावर अंगणाबाहेर उभं राहून लांबूनच ओरडून सांगायचं. मिळाली तर शिळी भाकरी, नाही मिळाली तर तसंच परत. छप्पन्न सालानंतर आमच्या वस्तीने बुद्धाचा धर्म घेतला आणि आजाने काठी खाली ठेवली ती कायमची. पुढे दोन वर्षं त्याला गावात कुणी मजुरीला बोलावलं नाही.

आप्पा त्या संध्याकाळी घरी आले आणि जेवले नाहीत. मला संताप आला होता. मी म्हटलं, अर्ज करा, तक्रार करा, पेपरात द्या. आईचं वेगळंच होतं. ती म्हणाली, दोन मिनटांचं बोलणं, बोलून टाका, नोकरीला चार वर्षं उरलीत आणि हिचं कॉलेज अजून व्हायचंय. ग्रामसेवकांनी तर स्पष्ट सांगितलं होतं, ठराव पास झाला तर करावं लागेल, नाही केलं तर कामात कसूर धरतील. आई चुकत नव्हती. मीही चुकत नव्हते. आप्पा आमच्या दोघींकडे बघून म्हणाले, "तुम्ही भांडा, मी वही घेऊन येतो."

ग्रामसभा शाळेच्या पडवीत भरली. विषय निघाला तेव्हा आप्पा भिंतीशी उभे होते. त्यांनी बोलायची परवानगी मागितली. शिपाई बोलणार म्हणून लोक आधीच हसले. त्यांनी वही उघडली आणि दाढी वाचली, शेंडी वाचली, खिडक्या वाचल्या. पोटं धरून हसत होते सगळे, माजी सरपंचसुद्धा. मला मात्र घाम फुटला होता, की हे आता रोमला जाऊन बसणार आणि मूळ मुद्दा राहणार.

मग त्यांनी पान उलटलं.

"आता एक आपल्या गावातली पट्टी," ते म्हणाले. "दाढी न्हाय, खिडकी न्हाय. ही पायांवर होती. माझ्या बापाने भरली, त्याच्या बापाने भरली. कुनी मेलं की भरायची. पावसातनं चालत भरायची. मी इतकी वर्षं तुमच्या दारात येतो, पैसं घेतलं की पावती देतो. या पट्टीची पावती कुनाकडं हाय? आमच्याकडं तर न्हाय."

त्यांनी वही मिटली.

"पान्याची, पट्टीची दवंडी माझी. त्याचा मला पगार हाय. मयताचं ज्याचं त्याने सांगावं. मी भोंगा चालू करून दीन, बटन मी दाबीन, बाजूला उभा ऱ्हाईन. पन आवाज त्या घरचा."

आवाज चढवला नाही, हात जोडले नाहीत. मी पुढे बरीच भाषणं ऐकली, काही स्वतःही ठोकली. इतकं कमी बोलून इतकं सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

मग मिठागरवाल्यांच्या घरातली एक म्हातारी उठली. तिचा नवरा शेजारीच बसला होता. "बराबर हाय त्याचं," ती म्हणाली. "माझा म्हातारा गेला तं मीच सांगन. येवडी वर्सं त्याच्यावर वरडले, आजून एकदा वरडन." म्हाताऱ्याने मान डोलावली. हशा पिकला आणि त्या हशातच हात वर गेले. माजी सरपंचांचा हात सगळ्यात शेवटी, खांद्यापर्यंतच वर आला.

आप्पांचा ठराव पास झाला. आईने त्या रात्री त्यांना दोनदा वाढलं.

पुढच्या वर्षीची गोष्ट. कॉलेजला सुट्टी होती आणि मी आप्पांचा डबा घेऊन पंचायतीत गेले होते. सकाळचे दहा वाजले असतील. माजी सरपंच एकटेच चालत आले. पायात चप्पल नव्हती. त्यांची बायको पहाटे गेली होती. मुलगे पनवेलहून निघाले होते, अजून पोचायचे होते. शेजारी-पाजारी घरी जमले होते, त्यांच्यातला कुणीही येऊन बोलला असता. पण ते स्वतः आले. ठराव त्यांच्याच समोर झाला होता ना.

आप्पांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, बटण दाबलं आणि माइक पुढे केला.

"कळवायला वाईट वाटतं," ते म्हणाले, "की आमच्या... आमच्या घरातून..." आणि थांबले. भोंग्यातून नुसता श्वास ऐकू येऊ लागला. पुन्हा सुरुवात केली. "आमची मंडळी..." पुन्हा थांबले.

मला आधी वाटलं, रडू आवरत नाहीये. तसं नव्हतं. त्यांना नाव घेता येत नव्हतं. आमच्याकडे त्या वयाचे नवरे बायकोला नावाने हाक मारत नाहीत. 'अगं', 'ऐकलंस का', नाहीतर थोरल्याची आई. लग्नात उखाण्यात घेतलं असेल ते, त्यानंतर नाही. सगळा गाव तिला काकी म्हणायचा. मला स्वतःला तिचं नाव ठाऊक नव्हतं.

आप्पांनी माइकवर हात ठेवला. "अन्ना, नाव सांगायला हवं. नायतर कोन गेलं ते लोकांना कळायचं न्हाय."

त्यांनी आप्पांकडे पाहिलं. त्या नजरेत सरपंचकी राहिली नव्हती. "तूच सांग ना रे," ते म्हणाले. "तुला ठाव हाय. मतदार यादीत हाय तिचं नाव."

आता आप्पा नाही कसे म्हणणार? मीच असते तर माइक घेतला असता, आणि चांगलं केलं असंही मला वाटलं असतं. आप्पांचे डोळे भरले होते, हे मी पाहिलं. त्यांनी दुसरी खुर्ची ओढली आणि अण्णांच्या शेजारी बसले. शिपाई म्हणून त्या खोलीत ते कधी बसलेले मी पाहिले नव्हते.

"ठाव हाय, अन्ना," ते म्हणाले. "पन मी सांगितलं तर ती एक बातमी व्हईल. तुमी सांगा. सावकाश. मी हाय हितंच."

आणि त्यांनी माइकवरचा हात काढला.

बाहेर रस्त्यावर मासळीच्या पाट्या घेऊन निघालेल्या बायका थांबून वर बघत होत्या. मग अण्णांनी नाव घेतलं. आधी नुसतं नाव, आडनावाशिवाय. ते नाव मी इथे लिहीत नाही, त्यांचं आहे ते. पुढे वेळ सांगितली, कुठून नेणार ते सांगितलं. सगळं सांगून झालं. आप्पा बटण बंद करायला वाकले, तेव्हा अण्णांनी त्यांचा हात धरला आणि पुन्हा एकदा, कुणी सांगितलेलं नसताना, तिचं नाव घेतलं.