रुसवेकाकूनं आणलेला पाहुणा

आर्णीच्या आमच्या गल्लीत लग्न ठरलं, की पत्रिकांच्या आधी रुसवेकाकूला निरोप जायचा. रुसलेले मामा, अबोला धरलेले भाऊ, मानपानावरून पाठ फिरवलेल्या आत्या, सगळ्यांकडे ती कुंकू-अक्षता आणि मानाचा टॉवेल-टोपी घेऊन जायची आणि माणूस घेऊनच परतायची.

तिचं सगळं शास्त्र मालिकांतलं. सात ते दहा ती टीव्हीसमोरून हलत नसे. वीस वर्षांनी बाप दारात आला, लेकानं मिठी मारली, की डोळे पुसत म्हणायची, "पाह्यलं? बाप तो बाप असते. रक्त कुठी जाते?"

मी एकदा म्हटलं, "काकू, दुसऱ्या दिवशी त्या घरात काय होते, थे नाही दाखवत."

"तू लय हिशेबी हायेस बाप्पा. दुसऱ्या दिवशी दुसरी मालिका लागते!"

माझे वडील घाटंजीला असतात आणि आमचं येणं-जाणं नाही, एवढंच तिला ठाऊक होतं. आईचा डावा हात कोपरात सरळ होत नाही, हे सगळ्यांना दिसे. तो कुणी मोडला, हे आम्ही बोलत नसू. मी नऊ वर्षांचा असताना आई मला घेऊन त्या घरातून पळाली होती.

माझ्या मुलीच्या लग्नात, ऐन मांडवात, काकू एका म्हाताऱ्याला घेऊन आली. त्याच्या खांद्यावर नवा टॉवेल. "पाय तं, कोणाले आणलं तुह्यासाठी!" बँडही तिनं थांबवून ठेवला होता.

पन्नाशीतला मी, दोन पावलं मागं सरलो. वडील कधी ओरडत नसत. मारण्याआधी त्यांचा आवाज मऊ व्हायचा. त्याच मऊ आवाजात त्यांनी विचारलं, "तुही माय कुठी हाय?"

आईनं धान्याच्या खोलीत शिरून कडी लावली होती. काकू दाराशी गेली. "बाई, आता कायले भेता? म्हातारा झाला माणूस."

आतून तुरीचं पोतं दाराकडे ओढल्याचा आवाज आला. थांबत, थांबत. एका हातानं ओढत असल्यासारखा.

काकूचा चेहरा उतरला. ती मांडवात आली आणि तिनं वडिलांचा दंड धरला. "चला भाऊजी, बसस्टँडवर."

"माह्या नातीचं लगन हाय," ते आणखी मऊ बोलले.

काकूनं दंड सोडला नाही. "मी आणलं, मीच नेऊन देतो."

घाटंजीच्या गाडीत ती त्यांच्या शेजारी बसून गेली. मुलीवर अक्षता पडल्या तेव्हा काकू मांडवात नव्हती आणि आईही नव्हती. आईनं कडी काढली ती दिवेलागणीला, काकूचा आवाज ओळखून: "गेले बाई. घाटंजीले घरात शिरताना म्या पाह्यलं."

काकू आता नाही. मालिका तिनं शेवटपर्यंत पाहिल्या, रुसवेही काढले. पण निघण्याआधी लग्नघरातल्या बायकांना बाजूला घेऊन विचारायची, "त्याले कोणी भेते काय?" उत्तर यायला उशीर झाला, की ती जात नसे.