वायर माझ्या हातात होती आणि फोन वाजला

मी नेटवर्किंगचा माणूस. काही बंद पडलं की कुठंतरी वायर तुटलीय, यापलीकडं माझा कशावर विश्वास नव्हता. या ग्रुपवरचे अनुभव वाचून हसायचो... आज स्वतःच लिहायला बसलोय.

कोल्हापुरात माझा इंटरनेट फोन बसवायचा व्यवसाय आहे. इथल्याच डॉक्टर मगदूम मॅडम यांचं मोठं प्रसूतिगृह कोल्हापुरात, एक शाखा कुरुंदवाडला, आणि दुसरी हातकणंगल्याला नवीन उघडत होती. तिन्हीकडचे फोन एकाच सिस्टीमवर जोडायचे, आणि कोल्हापूरची लाईन गेली तर तिथले कॉल आपोआप हातकणंगल्याला वळवायचे, असं ठरलं होतं. कुरुंदवाडचं काम झालं होतं, हातकणंगल्याचं अर्धवट होतं.

त्या दुपारी मी हातकणंगल्याच्या रिसेप्शनमध्ये फरशीवर बसून केबलला टोक लावत होतो. तिथं बसवायचा नवा फोन टेबलावर नुसता पॉवरला लावलेला. स्क्रीनवर 'नो नेटवर्क'. त्याला वायफाय नव्हतं, सिस्टीममध्ये त्याची नोंदही मी अजून केली नव्हती. आत मॅडम पेशंट तपासत होत्या.

आणि तो वाजला.

केबल माझ्या हातात होती, दोन्ही टोकं मोकळी. मला वाटलं, फोन स्वतःचीच काहीतरी टेस्ट करतोय. म्हणून उचलला, तर पलीकडं कुरुंदवाडच्या रुक्साना सिस्टर!

"कोल्हापूर हाय न्हवं? मॅडमना द्या की लवकर. बाळंतिणीचं रक्त थांबंना झालंय."

मी मॅडमना हाक मारली. त्या धावत आल्या आणि फोन कानाला लावूनच एकेक गोष्ट सांगू लागल्या... कोणतं इंजेक्शन द्यायचं, पोट कसं चोळायचं, रक्ताची सोय कुणाला करायला सांगायची. मी केबल धरून तसाच उभा. खाली ठेवायचीसुद्धा हिंमत होईना, उगाच काही हललं तर! आवाज मात्र शेजारच्या खोलीतून यावा तसा स्वच्छ होता.

"निघाले मी," म्हणून मॅडमनी फोन ठेवला. मी लगेच उचलून पाहिला — एकदम गप्प.

गाडी मी चालवली. मॅडमनी पर्समधून मोबाईल काढला तर रुक्साना सिस्टरचे मिस्ड कॉल. तपासताना त्यांनी तो सायलेंटवर टाकला होता. वाटभर त्या त्याच्यावरून सूचना देत राहिल्या. कुरुंदवाडला पोचेपर्यंत रक्तस्राव बराच आटोक्यात आला होता. संध्याकाळी बाईनं चहा मागितला, तेव्हा तिचा नवरा बाहेर पायरीवर बसून हमसून हमसून रडला. खरं सांगतो, माझेही डोळे भरून आले.

मग मी चौकशी केली. रुक्साना सिस्टर कोल्हापूरचाच नंबर पुन्हा पुन्हा लावत होत्या. लागत नव्हता, शेवटी एकदा लागला. कोल्हापुरात रस्ता खोदताना मुख्य आणि बॅकअप, दोन्ही लाईन तुटल्या होत्या, कारण दोन्ही एकाच चरातून आलेल्या. सिस्टीममध्ये सिस्टरचे सगळे कॉल 'फेल' दिसत होते. शेवटचासुद्धा. हातकणंगल्याचा तर कुठं उल्लेखच नाही.

मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू शोध घे रे. मला आज फक्त एवढं कळतंय, की ती बाई जिवंत आहे."

आता कोल्हापूरची बॅकअप लाईन दुसऱ्या रस्त्यानं आणलीय, वर सिमवर चालणारा राउटर बसवलाय. मुद्दाम लाईन तोडून बघतो, कॉल बरोबर हातकणंगल्याला वळतो. त्या फोनची केबल काढूनही कितीदा पाहिलंय... तेव्हा तो एकदाही वाजला नाही. कंपनीचा इंजिनीअर म्हणतो, असं होणं शक्यच नाही. मलाही तेच माहीत आहे.

भीती म्हणाल तर कधीच वाटली नाही. परवा कुरुंदवाडला गेलो, तर ती बाई बाळाला लस द्यायला आली होती. बाळ सुईच्या नावानं बोंबलत होतं आणि ती त्याला हसून दटावत होती. मी कोण ते तिला माहीत नाही. थोडा वेळ उगाचच तिथं थांबलो, मग कामाला लागलो.