आर्वीकरांचं समुद्रकाठचं घर

विदर्भातल्या आर्वीत मी घरांचे नकाशे काढतो. या धंद्यात नकाशे रोज बदलतात, किस्से मात्र पक्के राहतात. एकट्या भाऊरावकाकांनीच माझं कपाट भरून टाकलंय! काका कापूस-सोयाबीनवाले. त्यांनी कोकणात समुद्राला लागून प्लॉट घेतला आणि मला म्हणाले, "घर निसर्गाशी एकरूप पायजे. मोबाइलवर पाह्यलं मी."

प्लॉटवर पोचताच या निसर्गप्रेमींचा पहिला प्रश्न, "हे नारळाचे झाडं कवा तोडता?"

"काका, आणि निसर्ग?"

"ठेवा ना! पन कंपाउंडच्या बाहेर."

*

गेट बारा फुटांचं हवं होतं. का, तर ट्रॅक्टर आत आला पाहिजे! आर्वीहून कोकणात ट्रॅक्टर कोण आणणार, असं मी विचारलं.

"अन् आनला तं? मंग तुमी येसान काय गेट तोडाले?"

गेट बारा फुटांचंच झालं.

*

मिस्त्री आर्वीजवळच्या तळेगावचा रामदास. आमच्याकडं उन्हाळ्यात बांधकामाच्या तराईला, म्हणजे नव्या सिमेंटवर पाणी मारायला, टँकर मागवावा लागतो. रामदासनं समुद्र पाहिला आणि हातच जोडले. "साहेब, तराईचं टेन्शन खतम!"

मी जेवून येईतो पठ्ठ्यानं नव्या कॉलमवर सळया गंजवणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या सहा बादल्या ओतल्या होत्या. त्याचं कौतुक करावं की सातवी बादली त्याच्या डोक्यात घालावी, कळेना!

*

काकांच्या बायकोनं, शांताकाकूंनी, उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. त्यांचं मागणं एकच, "भाजी चिरता चिरता समुद्र दिसला पायजे."

समुद्र पश्चिमेला. काका कडाडले, "पश्चिमेले खिडकी? उन्हानं भाजून निघू ना बाप्पा!"

आमच्याकडं पश्चिमेची भिंत कोरी ठेवतात, हे खरं. पण ती आर्वीत!

"काका, तिकडं समुद्र आहे."

"मंग? पाह्याचा असन तं बाहेर जाऊन पाहा."

 मी मुकाट्यानं कोरी भिंत काढून दिली. त्याची मला आजही लाज वाटते.

*

घर उभं राहिलं. स्वयंपाकघराच्या त्याच भिंतीत काकांनी एक भोक मात्र आवर्जून ठेवून घेतलं. कूलरसाठी! कोकणच्या दमट हवेत कूलर! डब्यातले पापडसुद्धा ओले झाले.

मे महिन्यात मी भेटायला गेलो, तर कूलर अंगणात पडलेला. भोकापाशी काकू उभ्या, हातात अर्धं चिरलेलं वांगं.

"अवो, कूलर काऊन काढला?" काका ओरडले.

काकूंनी मानसुद्धा वळवली नाही.

"जन्मभर तुमच्या कूलरात पानी भरलं. आता मले भरलेलं पानी पाहू द्या!"