डावी माझी, उजवी त्याची

रक्त खोटं बोलत नाही. आमच्या संस्थेच्या प्रयोगशाळेत हे वाक्य भिंतीवर निळ्या रंगात लिहिलेलं होतं, आणि त्याच्याखाली पेंटरने स्वतःची जाहिरात केली होती. वाक्य खरंच आहे. रक्ताच्या वतीने जे काही खोटं बोलायचं असतं ते माणसं बोलतात—आणि त्यातला एक मी आहे. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला सांगायला तर माझ्याकडे जास्तच कारण होतं.

नंदुरबारला मी लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करत होतो. घर कोरीटकडचं, शेतीवाडीचं. प्रॅक्टिकलला माझा जोडीदार होता रायसिंग, धडगावकडच्या डोंगरातला पावरा आदिवासी मुलगा. (नावं मी बदलली आहेत. या प्रकरणात ती दुसऱ्यांदा बदलली जातायत, पण ते पुढे येईलच.) पेशंट आम्हाला कोण देणार? मग जोडीदारच एकमेकांचे पेशंट. मी त्याच्या बोटाला सुई टोचायची, त्याने माझ्या. त्याचा हात हलका होता, टोचलेलं कळायचं नाही. माझ्या हाताबद्दल तो एकदाच, आमच्या अहिराणीत, बोलला: "भो, सुई शे का दाभण?"

आमच्या जिल्ह्यात राहणाऱ्याला सिकलसेल समजावून सांगावा लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. हा रक्तातला दोष आईबापांकडून येतो. एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक—त्याला पिवळं कार्ड मिळतं, आणि सहसा त्याला स्वतःला काही होत नाही. दोघांकडून आला तर लाल कार्ड. मग सांधे ठणकतात, रक्त कमी होतं, आयुष्यभर दवाखाना. म्हणून पिवळ्याने पिवळ्याशी लग्न करू नये. रायसिंग सुट्टीत घरी गेला की पाड्यापाड्यावर हेच सांगत फिरायचा. लोक ऐकायचे, कारण सांगणारा त्यांचाच होता आणि त्यांच्याच बोलीत सांगत होता.

आणि सायजाचं कार्ड पिवळं होतं.

सायजा त्याच्याच गावाकडची. दोन्ही घरं राजी होती, होळीनंतर लग्न करायचं ठरत होतं. फक्त रायसिंगचं स्वतःचं रक्त तपासायचं राहिलेलं. त्याच्या शाळेत तपासणी झाली त्या वेळी तो आईबापांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेला होता. "सिकलसेलचं प्रॅक्टिकल येईल ना, तेव्हा बघू," असं तो सहज म्हणायचा. रक्त निर्दोष निघालं तर लग्न, नाहीतर नाही. हे मला माहीत होतं. हे इथेच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय राहणार नाही.

प्रॅक्टिकल सोपं असतं. नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा, थोडं थांबायचं, आणि नळी काळ्या रेघांच्या कागदासमोर धरायची. पलीकडच्या रेघा दिसल्या तर रक्त निर्दोष. द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या तर दोष आहे. पुस्तकात लिहिलेलं असतं—आधी नळीवर नाव, मग रक्त. आमच्याकडे उलटं चालायचं. नळ्या नुकत्याच धुतलेल्या, ओल्या असायच्या, आणि संस्थेची चिकटपट्टी ओल्यावर बसायची नाही. मग आम्ही स्टँडमधली जागा लक्षात ठेवायचो आणि नळी सुकली की सगळ्यात शेवटी नाव चिकटवायचो. डावी माझी, उजवी त्याची.

त्या दिवशी रायसिंगला ऑफिसातून बोलावणं आलं, शिष्यवृत्तीच्या कसल्याशा सहीसाठी. नळ्या माझ्यावर सोडून तो गेला. मी उजवी उचलली. रेघा स्वच्छ. मग डावी उचलली—

डावीतून काही दिसत नव्हतं.

मी कागद जवळ नेला, लांब नेला, खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. रेघा आल्या नाहीत. माझ्या मनात काय आलं? आजाराची भीती नाही; वाहकाला काही होत नाही हे मी परीक्षेत गुणांसाठी लिहिलेलं होतं. मनात आले आमचे वडील. आमच्या घरात हा डोंगरातल्या लोकांचा आजार समजत. लग्न जमवताना आमच्याकडे सात पिढ्यांची चौकशी करतात आणि त्याला संस्कृती म्हणतात. हे रक्त कुठल्या बाजूने आलं, हा प्रश्न ओसरीवर सगळ्यांसमोर विचारला गेला असता, आणि आईने मान खाली घातली असती—काही केलेलं नसताना. हे मी कारण म्हणून सांगत नाही. डोक्यात काय चाललं होतं तेवढं सांगतोय.

नावं लिहिलेले चिकटपट्टीचे दोन तुकडे माझ्या अंगठ्यावर होते. त्याचं नाव मी डावीवर लावलं, माझं उजवीवर. किती वेळ लागतो याला?

तो परतायच्या आत सर आले. त्यांनी ती गढूळ नळी उंच धरली, वर्गाला दाखवली आणि जिल्ह्याच्या आरोग्यावर, समाजऋणावर बराच वेळ बोलले. वर्गात खरा पॉझिटिव्ह नमुना मिळाल्याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता. कोणालाही आश्चर्य वाटलं नाही. हेच मला अजून टोचतं. नळीवर माझं नाव असतं तर सरांनी चाचणी पुन्हा करायला लावली असती. रायसिंगचं होतं, म्हणून नळी सगळ्यांना पटली. रीत म्हणून ते त्याला नंतर एवढंच म्हणाले, सवड मिळाली की मोठ्या दवाखान्यात पक्की तपासणी करून घे.

रायसिंग दारात उभा होता. त्याने नळी हातात घेतली, रेघांसमोर धरली आणि खाली ठेवली. मला विचारलं, "तुन्हं?"

मी म्हणालो, नॉर्मल.

"मंग बरं शे," तो म्हणाला. टोमणा नव्हता. त्याला खरंच बरं वाटलं होतं.

मी तेव्हाच का बोललो नाही? संध्याकाळी खोलीवर का बोललो नाही? होळीला तो घरी निघाला, तेव्हा त्याची बॅग एस.टी.त चढवून दिली—तेव्हा? रोज वाटायचं, पक्की तपासणी करेल आणि आपोआप कळेल. तो गेला नाही. त्याच्या दोन भावांची कार्डं पिवळी होती, त्यामुळे त्याला शंकाच नव्हती. आणि गावभर शिकवलेला नियम स्वतःसाठी मोडणार कसा? त्याने सायजाच्या घरी जाऊन, तिच्या बापासमोर बसून नाही म्हणून सांगितलं.

पुढे त्याला नोकरी लागली. त्याच्या दवाखान्यात पक्क्या तपासणीचं यंत्र आलं, आणि ते चालतं की नाही हे बघायला त्याने स्वतःचं रक्त घातलं. निर्दोष. त्याने मला फोन केला. आता विचारेल, असं वाटलं. तो म्हणाला, "मीच नळी इकडची तिकडे ठेवी हुई, भो. त्या दिवशी मन्हं ध्यानच नव्हतं." मी ऐकून घेतलं. हो म्हणालो की नाही, आठवत नाही. ‘नाही’ असं मात्र नक्कीच म्हणालो नाही.

तोवर सायजाचं लग्न होऊन गेलं होतं. ज्याच्याशी झालं त्याचं कार्ड कोणी बघितलं नव्हतं. ते बघा म्हणून सांगणाऱ्याने तिच्या वस्तीवर जाणंच सोडलं होतं. तिच्या मुलीचं कार्ड लाल आहे. मला हे माहीत आहे, कारण मुलगी हिमोग्लोबिन तपासायला माझ्याच लॅबमध्ये येते. तिला टोचताना मी बारीकातली बारीक सुई घेतो. तरी ती रडते. सायजा मला नमस्कार करते—रायसिंगचा दोस्त म्हणून.

माझं म्हणाल, तर मला काही झालं नाही. लग्नानंतर बायकोचं रक्त मी हिमोग्लोबिनच्या नावाखाली घेतलं आणि तिला न सांगता सिकलसेलसाठीही तपासलं. निर्दोष निघालं. त्या दिवशी मी पेढे आणले होते. कशाचे, म्हणून तिने विचारलं. सहज, म्हणालो.

अलीकडे आम्हा टेक्निशियनांचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. फीत, दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ. आमचे तेच सर अध्यक्ष. शिकवायला रायसिंग. दरवर्षी नव्या मुलांना सांगतो ती गोष्ट त्याने तिथेही सांगितली—शिकत असताना माझ्या हातून माझीच नळी चुकली, आणि त्यात माझं ठरलेलं लग्न मोडलं. म्हणून आधी नाव, मग रक्त. सांगताना तो हसला, सगळेही हसले. पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे बोट करून म्हणाला, हा माझा जोडीदार होता, याची नळी मात्र बरोबर होती. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

शेवटी प्रमाणपत्रं वाटली. विषय छापला होता—नमुन्यावर अचूक नाव नोंदवणे. माझ्या प्रमाणपत्रावर दुसऱ्याच कोणाचं तरी नाव होतं. मी ते तसंच घरी आणलं.